फोनला रस्ता विचारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातलं कोणी गाडी घेऊन निघालं की तासाभरात मला फोन येतो. "अगं, ही बाई कुठे नेतेय आम्हाला?" बाई म्हणजे फोनमधली. आत्या, भाऊजी, सोसायटीतले काका, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. ती बहुतेक गूगल मॅप्सला धरून आहेत, कारण आमच्याकडे तेच वापरतात. पण ॲप कुठलंही असलं तरी घोळ बहुतेक वेळा वाटेत होत नाही. तो घरून निघताना, नाव सांगतानाच झालेला असतो.

मी गावाचं नाव बरोबर सांगितलं, तरी फोन भलतीकडे का नेतो?

कारण त्या नावाची गावं एकाहून जास्त आहेत आणि फोनने त्यातलं दुसरंच उचललं. अष्टविनायकाला निघालात तर हा धडा एकाच फेरीत चार वेळा मिळू शकतो. विघ्नेश्वराचं ओझर जुन्नर तालुक्यात आहे, पण विमानतळाचं आणि विमान कारखान्याचं ओझर नाशिकजवळ. बल्लाळेश्वराचं पाली रायगड जिल्ह्यातल्या सुधागड तालुक्यात, दुसरं पाली रत्नागिरी जिल्ह्यात मुंबई-गोवा महामार्गावर, तिसरं राजगडाच्या पायथ्याशी. वरदविनायकाचं महड खोपोलीजवळ, तर महाड तिथून शंभरेक किलोमीटर खाली, रायगड किल्ल्याच्या वाटेवर. मराठीत या दोन नावांमध्ये एका कान्याचा फरक आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तेवढाही नाही.

चौथा धडा आम्ही स्वतः गिरवला. सिद्धटेक कर्जत तालुक्यात येतं, एवढं भाऊजींच्या डोक्यात पक्कं होतं. दौंडला चहा घेतला, गाडीत बसले आणि ऐटीत फोनला म्हणाले, "कर्जतला घेऊन चल." बाईने गाडी पाटसच्या दिशेने काढली. पाटस आलं, पुणे-सोलापूर रस्ता लागला, बाई म्हणाली पुण्याकडे वळा, भाऊजी वळले. मागच्या सीटवरून सासूबाईच शेवटी म्हणाल्या, "अरे, सकाळी याच रस्त्याने आलो ना आपण?" फोन आम्हाला रायगडातल्या कर्जतला नेत होता, लोकलच्या कर्जतला. दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर पडद्यावर ढळढळीत दिसत होतं. पण आवाज ऐकू येत असला की पडद्याकडे बघतं कोण!

यात फोनची फार चूक नाही. एका नावाची दोन ठिकाणं असली की कुठलं जास्त लोक शोधतात, तुम्ही आत्ता कुठे आहात, पूर्वी तुम्ही काय शोधलंत, अशा गोष्टी जोखून तो एक उचलतो. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याचे किती लोक रायगडातल्या कर्जतच्या फार्महाऊसवर जात असतील, विचार करा. त्यापुढे नगरकडच्या कर्जतचा काय पाड लागणार?

मग नाव सांगायचं तरी कसं?

पोस्टाच्या पत्त्यासारखं: ठिकाण, गाव, तालुका, जिल्हा. "पाली" नव्हे, "बल्लाळेश्वर मंदिर, पाली, सुधागड". "मुरूड" एवढंच म्हणालात तर जंजिऱ्याचं, दापोलीचं की लातूरचं, हे फोनने काय हात बघून ओळखायचं? कारंजा म्हणाल तर वाशिम जिल्ह्यात कारंजा लाड, वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आणि उरणला समुद्रकाठी आणखी एक कारंजा. अकोले आणि अकोला ही जोडी तर शाळेपासूनची.

खुर्द आणि बुद्रुक गाळू नका. फारसीत खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे थोरलं. बोलताना आपण दोघांनाही नुसतं वडगाव म्हणतो, पण नकाशावर ती वेगळी गावं आहेत आणि मध्ये नदी, कालवा किंवा रेल्वेफाटक असू शकतं. पुण्याच्या आसपास वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द, वडगाव शेरी, वडगाव मावळ अशी वडगावांची रांगच आहे. रिक्षावाल्याला "वडगावला सोडा" म्हटलं तर तो आधी "कुठल्या?" असं विचारतो. फोन विचारत नाही, म्हणून ते आधीच सांगायचं.

नावं बदललेल्या शहरांचं काय? छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नवी नावं सहसा चालतात. पण गल्लीबोळातल्या दुकानाने किंवा मंगल कार्यालयाने आपल्या नोंदीत अजून जुनंच नाव ठेवलेलं असू शकतं. एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा. तेवढ्यापुरता वाद बाजूला ठेवा.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: "सुरू करा" दाबण्याआधी अंतर आणि वेळ बघा. अंदाजे किती लांब जायचंय हे तुम्हाला माहीत असतंच. चाळीस किलोमीटरच्या जागी एकशे ऐंशी दिसलं तर तिथेच थांबायचं. एवढं केलं असतं तर आमची पाटसची फेरी वाचली असती.

मराठीत बोललेलं फोनला कळतं का?

कळतं. गूगल असिस्टंट, म्हणजे तोंडाने काम सांगायचा फोनमधला मदतनीस, २०१८ साली मराठी बोलायला लागला आणि २०२४ मध्ये आलेलं जेमिनी ॲपही मराठी जाणतं. आयफोनवाल्यांच्या सिरीला आयओएस १८ पासून भारतीय इंग्रजीत मराठी मिसळून बोललेलं समजतं, म्हणजे आपण एरवी बोलतो तसंच.

पण फोनची भाषा नुसती इंग्रजी ठेवून मराठी नावं सांगाल तर तो ती इंग्रजीच्या साच्यातून ऐकतो. ळ आणि ण तिथे हरवतात. चाकणचा च आणि चिंचवडचा च त्याला सारखेच. म्हणून मदतनिसाच्या सेटिंग्जमध्ये मराठी ही भाषा जोडून ठेवा. तिथे दोन भाषा एकत्र ठेवता येतात, इंग्रजी काढून टाकायची गरज नाही.

वाक्य साधं असू द्या. "ओके गूगल, थेऊरच्या चिंतामणी मंदिराचा रस्ता दाखव" हे पुरतं. आमचे काका फोनशी बोलताना "कृपया मला असं सांगाल का की" इथून सुरुवात करतात आणि मुद्द्यावर येईपर्यंत फोनचं ऐकणं संपलेलं असतं. काच वर करा, एसीचा पंखा कमी करा, मागच्या पोरांना दोन मिनिटं गप्प करा आणि नाव एका दमात सांगा. मग फोनने काय ऐकलं ते पडद्यावर वाचा. दोनदा सांगूनही चुकलं तर नाद सोडून देवनागरीत टाइप करा. जानेवारी २०२१ मध्ये गूगल मॅप्सने मराठीसह दहा भारतीय भाषांतल्या ठिकाणांच्या नावांवर काम केलं, तेव्हापासून देवनागरीतला शोध बराच सुधारलाय. महडचा कानाही मग डोळ्यांनी तपासता येतो.

बाई इंग्रजीत सांगते आणि गावांच्या नावांची वाट लावते. ती मराठीत बोलेल का?

नेव्हिगेशनच्या सेटिंग्जमध्ये आवाज निवडायची जागा असते, तिथल्या यादीत मराठी शोधा. मॅप्सची स्वतःची भाषाही बदलता येते, त्यासाठी अख्खा फोन मराठी करावा लागत नाही. मी वाईचं "वे" झालेलं आणि भोरचं "बोअर" झालेलं ऐकलंय. मराठी आवाज लावल्यावर निदान गावांची नावं ओळखीची झाली. मॅपल्स हे मॅपमायइंडिया या भारतीय कंपनीचं ॲपही भारतीय भाषांतून वाट सांगतं आणि गतिरोधकांचीही सूचना देतं. आपल्याकडे ही सोय छोटी नाही.

ज्येष्ठांसाठी एक सांगते. आवाज मराठी केल्यावर पहिल्या दिवशी ओळखीच्या रस्त्यावरच फिरा. घरापासून भाजी मंडईपर्यंत गेलात तरी चालेल. बाई किती आधी सांगते, "३०० मीटरवर" म्हणजे डोळ्यांना किती लांब, हे आधी कानात बसू द्या आणि मगच लांबच्या प्रवासाला निघा.

"डाव्या बाजूला राहा" म्हणजे वळायचं का?

नाही! सोसायटीतल्या निम्म्या चुका या एका वाक्याने झाल्यात. "डावीकडे वळा" म्हणजे चौक आला, वळा. "डावीकडे राहा" म्हणजे पुढे रस्ता फाटतोय, तुम्ही डावा फाटा धरा आणि सरळ चालत राहा. द्रुतगती मार्गावर, उड्डाणपुलाच्या तोंडाशी, महामार्गाला सेवा रस्ता फुटतो तिथे हे ऐकू येतं. तिथे घाईने स्टिअरिंग फिरवलं की गाडी सेवा रस्त्यावर जाते आणि पुढचा अर्धा तास टेंपो-ट्रॅक्टरच्या मागे जातो.

समृद्धी महामार्गावर तर हे आणखी सांभाळावं लागतं. नागपूर-मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता, पण उतरायच्या जागा मोजक्याच. तुमची चुकली तर पुढची कित्येक किलोमीटरवर असते आणि मध्ये यू-टर्न नाही. अशा रस्त्यावर बाई दोन किलोमीटर आधी पहिल्यांदा बोलते तेव्हाच लेन धरायची, दुसऱ्या हाकेची वाट बघायची नाही.

बाइकवर असताना एक्सप्रेसवेच का दाखवतो?

कारण तुम्ही वर गाडीचं चिन्ह निवडलंय. गूगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये भारतासाठी दुचाकीचा वेगळा पर्याय आणला, तो निवडा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, अटल सेतू, मुंबईचा सागरी किनारा रस्ता, जे. जे. उड्डाणपूल, या सगळ्यांवर दुचाकीला बंदी आहे. आवाजाने विचारताना "बाइकने" हा शब्द घाला, आणि तरीही वरचं चिन्ह बघा. मागच्या वेळी जे वाहन निवडलं होतं, तेच तो पुन्हा गृहीत धरतो.

उलटंही होतं. चिरंजीवांनी सकाळी बाइकचा पर्याय लावलेला असतो आणि संध्याकाळी त्याच फोनवर बाबा मोटार काढतात. मग फोन त्यांना पेठेतल्या अशा बोळात घालतो की आरसे मिटून मागे यावं लागतं. जुलै २०२४ मध्ये गूगलने चारचाकीला अरुंद रस्ते टाळायला मदत करणारी सोय जाहीर केली, पण सुरुवातीच्या आठ शहरांत महाराष्ट्रातलं एकही नव्हतं. आमच्या पेठांना बहुधा अरुंद म्हणायलाही ती मंडळी धजावली नसतील.

टेंपो ट्रॅव्हलर किंवा बस घेऊन निघालात तर लक्षात ठेवा की नेहमीच्या नकाशा ॲपला तुमच्या गाडीची उंची माहीत नसते. रेल्वेखालचा बोगदा पुढे दिसला की उंचीची पाटी तुम्हीच वाचायची.

गडाचं नाव सांगितलं तर गडावर पोचतो का?

गडाच्या जवळ पोचता. पण कुठल्या बाजूला, हा प्रश्न उरतो. नकाशावरची खूण माथ्यावर असते आणि बहुतेक गडांचा गाडीरस्ता माथ्यावर जात नाही. मग फोन त्या खुणेच्या जवळचा कुठलातरी रस्ता पकडतो आणि तिथे "तुम्ही पोचलात" म्हणून मोकळा होतो. समोर हजार फुटांचा कडा.

म्हणून गडाचं नव्हे, पायथ्याच्या गावाचं नाव सांगा. तोरण्याला वेल्हे, कळसूबाईला बारी. राजगडाला गुंजवणे वेगळं आणि पाली वेगळं (हो, तेच तिसरं पाली). हरिश्चंद्रगडाची गंमत तर बघण्यासारखी आहे. पाचनई अकोले तालुक्यात, खिरेश्वर जुन्नर तालुक्यात, आणि नळीच्या वाटेचं बेलपाडा खाली कोकणात, मुरबाडकडे. गड एकच, पण एका पायथ्यावरून दुसऱ्याला गाडीने जायचं तर घाट उतरावा-चढावा लागतो. बरोबरचे लोक खिरेश्वरला जमलेत आणि तुम्ही पाचनईत उतरलात, तर भेट माथ्यावरच.

देवळांचंही तेच. लेण्याद्रीची खूण डोंगरातल्या लेण्यांवर आहे, गाडी खाली वाहनतळावर लावून तीनशेच्या आसपास पायऱ्या चढायच्या असतात. मोठ्या देवस्थानाला जाताना नावापुढे "वाहनतळ" किंवा "पार्किंग" जोडून विचारा.

मी पुलावर आहे की पुलाखाली, हे त्याला कळत का नाही?

उपग्रहाकडून येणाऱ्या माहितीतून फोन तुमची जागा काढतो. मोकळ्या आकाशाखाली ती साधारण पाचेक मीटरच्या आत बरोबर येते, पण उंचीचा अंदाज त्याहून कच्चा असतो. उड्डाणपूल आणि खालचा रस्ता एकावर एक असले की दोन्हीकडे तुम्ही नकाशावर एकाच जागी दिसता. उंच इमारतींच्या मध्ये तर संकेत भिंतींवर आपटून येतात आणि ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो.

पुलावर चढायचं की नाही हे सांगणारी सूचना गूगलने २०२४ मध्ये भारतातल्या चाळीस शहरांत आणायला सुरुवात केली. ती ऐकू आली तर उत्तम. नाही आली तर पडद्यावरचा निळा रस्ता किंचित मोठा करून बघा, चढाचा फाटा वेगळा काढलेला दिसतो. बोगद्यात उपग्रहाचा संकेत येत नाही, तिथे फोन तुमच्या आधीच्या वेगावरून ठिपका पुढे ढकलत राहतो. सागरी किनारा रस्त्याच्या बोगद्यातून बाहेर पडताच वळायचं असेल तर ते वळण आत शिरण्याआधीच पाहून ठेवा.

"आग्नेयेकडे जा" म्हणते. मी काय होकायंत्र घेऊन फिरू?

गाडी उभी असताना तुमचं तोंड कुठे आहे हे फोनला नीट कळत नाही. चुंबकाच्या होल्डरमध्ये ठेवला असेल तर अजिबातच नाही. वीस-तीस मीटर कुठल्याही सोयीच्या दिशेने सावकाश जा, ठिपका हलला की बाई डावं-उजवं बोलायला लागते. उलट दिशा निघाली तर पुढे वळून यायचं, एवढंच.

घाटात रेंज गेली तर?

चालू असलेली वाट सहसा चालूच राहते, कारण जागा उपग्रहावरून कळते, मोबाइलच्या टॉवरवरून नव्हे. अडतं ते वाट चुकल्यावर नवी काढताना, किंवा रेंज नसलेल्या जागेवरून परत निघताना. ताम्हिणीत, माळशेजमध्ये, आंबोलीच्या आसपास हे हमखास होतं. म्हणून घरच्या वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. त्यावर गाडीची वाट मिळते, वाहतुकीची गर्दी कळत नाही. आवाजी मदतनिसाला मात्र बहुतेक वेळा इंटरनेट लागतं, तेव्हा तिथे बोलून शोधायचा हट्ट सोडा आणि ठिकाण आधीच जतन करून ठेवा.

फोनचा बॅटरी वाचवण्याचा पर्यायही बंद करा, तो चालू असला की जागा उशिरा बदलते. आणि चार्जिंगची वायर चालते का, हे घरी बघा.

कोकणात वाट समुद्रातून दाखवतो, ते कसं?

ती फेरीबोट. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी गाड्या बोटीवर चढवून खाडी ओलांडतात. वळसा वाचतो आणि पोरांना मजाही येते. फोन तिला रस्त्याचाच एक तुकडा समजतो. शेवटची फेरी गेली असेल, पावसाने बंद असेल, गाड्यांची रांग असेल, हे त्याच्या हिशेबात असेलच असं नाही. रात्री उशिरा पोचणार असाल तर पर्यायांमध्ये "फेरी टाळा" लावा. दिवसा जाणार असाल तर मी म्हणेन आवर्जून बोटीनेच जा, फक्त आधी वेळ विचारून घ्या.

मला ताम्हिणीनेच जायचंय, तो दुसरीकडून नेतो. माझा रस्ता त्याच्या गळी कसा उतरवू?

वाटेत थांबा जोडा. पुण्याहून महाडला जाताना भोर आणि वरंधा घाटाने जाता येतं, किंवा ताम्हिणी आणि माणगावनेही. "महाडला चल" म्हटल्यावर तो वेळेच्या हिशेबाने निवडेल. तुम्ही माणगावला थांबा टाकला की बिचारा ताम्हिणीने येतो. पावसाळ्यात वरंधा घाट वरचेवर बंद होतो, तेव्हा ही युक्ती विशेष कामाची.

वाटेत अचानक "याहून जलद रस्ता सापडला" असंही म्हणतो, आणि तुम्ही नको म्हटलं नाहीत तर आपणहून तिकडे वळवतो. चार मिनिटं वाचवायला शेतातल्या कच्च्या रस्त्याने गेलेल्यांची गाऱ्हाणी माझ्याकडे ढिगाने आहेत. अनोळखी भागात, अंधार पडल्यावर, मी महामार्ग सोडत नाही. इंधन वाचवणारा रस्ता दाखवण्याचा पर्यायही सेटिंग्जमध्ये असतो. तो चालू असेल तर वाट तुमच्या अपेक्षेहून वेगळी निघू शकते.

रस्ता बंद आहे किंवा पूल बुडालाय, हे त्याला माहीत असतं का?

कधी असतं, कधी नसतं. या प्रश्नावर मात्र मी थट्टा करणार नाही.

जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेली एक गाडी रात्रीच्या अंधारात अकोले तालुक्यात कोतूळजवळ बुडालेल्या पुलावरून पाण्यात गेली. पिंपळगाव खांड धरणाचं पाणी चढून तो पूल पाण्याखाली गेला होता. नकाशावर मात्र रस्ता सरळ पलीकडे जात होता. दोघे बाहेर आले, गाडी चालवणारा बुडाला. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की त्या दिवसांत तो पूल वापरायचा नसतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. पुराने पुलाचा पुढचा भाग आधीच वाहून गेलेला होता.

फोनला बंद रस्ता दोन प्रकारे कळतो. कोणीतरी तसं कळवतं, किंवा तिथून जाणारे फोन दिसेनासे होतात. पुणे-मुंबईसारख्या रस्त्यावर दर मिनिटाला शेकडो फोन जातात, तिथे बदल चटकन लक्षात येतो. कोतूळच्या रस्त्यावर रात्री दहानंतर किती फोन जात असतील? दोन-चार गाड्या दिसल्या नाहीत म्हणून रस्ता बंद आहे असं यंत्र कसं म्हणेल? म्हणजे जिथे सावध करणाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तिथेच त्याला सगळ्यात कमी माहिती.

तेव्हा रात्री पुढे पाणी चमकलं, रस्ता अचानक निर्मनुष्य झाला, पुलाला कठडे दिसेनात, की गाडी थांबवा आणि दिवे चालू ठेवून आधी उतरून बघा. शक्य असेल तर मागे येऊन शेवटच्या टपरीवर विचारा. पावसाळ्यात घाटाला निघण्याआधी त्या गावातल्या ओळखीच्या माणसाला, हॉटेलवाल्याला, किंवा ११२ वर फोन करून पोलिसांना विचारायला लाजू नका.

कमी गंभीर अडथळे तर रोजचेच. आठवडे बाजाराच्या दिवशी मधला रस्ता भरलेला असतो, आषाढी वारीत पालखीमार्गावरची वाहतूक वळवतात, दिवे घाट बंद ठेवतात, गणपतीत पुण्याचा लक्ष्मी रस्ता गाड्यांसाठी संपतो. तिथीचं पंचांग फोनला कळत नाही, तुम्हाला कळतं.

पोचायची वेळ बदलत का राहते?

गर्दीचा अंदाज रस्त्यावरच्या फोनांच्या वेगावरून बांधलेला असतो म्हणून. २०२० मध्ये बर्लिनमध्ये एका कलाकाराने हातगाडीत ९९ फोन भरले आणि मोकळ्या रस्त्यावरून ती सावकाश ओढत नेली, तर नकाशावर तो रस्ता लाल झाला. आपल्याकडे रस्त्याकडेच्या मिसळीच्या हॉटेलसमोर असंच होत असावं असा माझा आपला अंदाज. शिवाय चहा, नाश्ता, लघुशंका यांचा वेळ फोन धरत नाही. सासरे बरोबर असतील तर दर दोन तासांना पंचवीस मिनिटं मी स्वतःच मिळवते.

गाडी चालवताना फोन बघितला तर दंड होतो का?

१ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना असं उपकरण फक्त वाट बघण्यासाठी वापरता येतं, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. म्हणजे होल्डरमध्ये लावलेला फोन चालतो. हातात धरून नकाशा सरकवणं, पत्ता टाइप करणं हे पोलिसाला कसं पटवाल ते तुमचं तुम्ही बघा. पत्ता बदलायचा असेल तर शेजारी बसलेल्याला सांगा. एकटे असाल तर बाजूला थांबा.

सूचनेचा पहिला शब्दच ऐकू येत नाही.

ब्लूटूथ जागं व्हायला क्षणभर लागतो, तोवर "डावीकडे" निघून जातं आणि नुसतं "वळा" उरतं. सेटिंग्जमध्ये ब्लूटूथवरून आवाज बंद करा, मग बाई फोनच्याच स्पीकरवरून बोलेल. आवाज मोठा करण्याचा पर्याय तिथेच असतो. अजिबातच ऐकू येत नसेल तर पडद्यावरचं स्पीकरचं चिन्ह बघा, बहुधा नातवंडाने मुका केलेला असतो.

पाहुण्यांना आमच्या घराचा पत्ता सापडत नाही. काय पाठवू?

व्हॉट्सॲपवरून लोकेशन पाठवा, पण घरात सोफ्यावर बसून नव्हे. फाटकाबाहेर, उघड्यावर या, अर्धा मिनिट थांबा, आणि "इतक्या मीटरपर्यंत अचूक" असं जे दिसतं तो आकडा लहान झाला की मग पाठवा. आत्याने स्वयंपाकघरातून पाठवलेलं लोकेशन मागच्या गल्लीत निघालं आणि पाहुणे भिंतीच्या पलीकडून हाका मारत होते.

वाडी-वस्तीवर, जिथे घर नंबरच नाही, तिथे प्लस कोड, म्हणजे नकाशावरच्या एका छोट्या चौकोनाचा कोड, चांगला. नकाशावर घरावर बोट दाबून धरलं की तो दिसतो. त्यातला चौकोन साधारण १४ मीटरचा असतो. भारतीय टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणला, त्यात दहा अक्षर-अंकांचा कोड साधारण चार मीटरच्या चौकोनाला मिळतो. दोन्ही कोड लिहून पाठवायचे असतात. फोनला तोंडाने सांगायला जाल तर पहिल्या चार अक्षरांतच भांडण होईल.

आणि सोबत एक वाक्य जुन्या पद्धतीचं लिहाच: "मारुतीच्या देवळावरून उजवीकडे, पिठाच्या गिरणीसमोर, हिरवं फाटक." शेवटचे शंभर मीटर त्यावरच निभतात.

नकाशावरच चूक आहे. ती कोण दुरुस्त करणार?

तुम्ही. ठिकाणावर बोट ठेवा, "बदल सुचवा" निवडा, खूण योग्य जागी सरकवा किंवा रस्ता बंद असल्याचं कळवा. शक्य तर फोटो जोडा. तपासणी होऊन बदल दिसायला कधी काही तास लागतात, कधी आठवडे. आमच्या वस्तीकडे जाणारा रस्ता नकाशावर ओढ्याच्या अलीकडेच संपत होता. साकव होऊन तीन वर्षं झाली तरी प्रत्येक पाहुणा चार किलोमीटरचा वळसा घालून यायचा. गेल्या दिवाळीत पुतण्याने साकवाचे दोन फोटो टाकून बदल सुचवला. भाऊबीजेला आत्या पहिल्यांदाच फोन न करता दारात येऊन उभी राहिली.